रीलोडिंगची पावडर बिघडली आहे का? ओळखायचे कसे आणि मग करायचे काय

रीलोडिंग, म्हणजे उडवलेल्या काडतुसाच्या कवचात पुन्हा पावडर आणि गोळी भरणे. ते करणाऱ्यांच्या कपाटात कुठेतरी मागे पावडरीची एक जुनी बाटली असतेच. ती बाहेर निघाली की माझ्याकडे प्रश्न येतो: वापरू की टाकू? अशा बाटल्या तपासून देण्याचे काम माझ्याकडे वारंवार आले आहे, आणि बहुतेक वेळा उत्तर बाटली उघडण्याआधीच सापडते. हा मजकूर धूररहित, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या पावडरीबद्दल आहे. काळ्या दारूची गोष्ट वेगळी, तिचे इथे काही नाही.

लक्षणे

- झाकण उघडताच नाकाला झोंबणारा आंबट, उग्र वास.
- दाण्यांमध्ये तांबूस-तपकिरी धूळ, लोखंडाच्या गंजासारखी.
- झाकण आतून गंजलेले, किंवा झाकणातले अस्तर तपकिरी होऊन भुगा झालेले.
- प्लॅस्टिकची बाटली ठिसूळ झालेली, लेबलावर आतून पाझरल्यासारखे पिवळे-तपकिरी डाग.
- दाणे एकमेकांना चिकटून गोळे झालेले, ओलसर किंवा तेलकट दिसणारे.
- भरून ठेवलेल्या काडतुसांच्या गळ्याशी हिरवट-निळा थर, न उडवलेल्या केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाच्या, गळ्याला चिरा.
- नेहमीच्याच मापाने भरलेल्या काडतुसांचा वेग अचानक वर-खाली होणे, किंवा चाप ओढल्यावर बार उशिरा होणे.

आणखी दोन लक्षणे आहेत, ती मुद्दाम वेगळी ठेवली. बाटलीत तपकिरी वायू दिसणे आणि बाटली आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा हाताला गरम लागणे. यातले एकही आढळले तर पुढची एकही तपासणी करू नका. बाटली उचलू नका, झाकण लावायलाही जाऊ नका. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा. बाकीचा मजकूर नंतर निवांत वाचता येईल.

उशिरा बार झाल्याचा अनुभव आला असेल तर तेवढ्यापुरते: चाप ओढून काहीच झाले नाही, तर बंदूक सुरक्षित दिशेला तशीच रोखून निदान मिनिटभर थांबा, मगच बोल्ट (काडतूस आत बंद करणारा सरकता खटका) उघडा. कारण प्रायमरचे (पावडर पेटवणाऱ्या काडतुसाच्या बुडातल्या टोपीचे) असो की पावडरीचे, त्या भरणीतली उरलेली काडतुसे त्या दिवशी उडवायची नाहीत.

पावडर बिघडते म्हणजे काय होते

हे आधी समजून घेतले तर पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत.

धूररहित पावडरीचा पाया नायट्रोसेल्युलोज. सिंगल बेस पावडरीत मुख्यतः तेच असते, डबल बेसमध्ये त्याच्या जोडीला नायट्रोग्लिसरीन. हे दोन्ही पदार्थ अगदी थंड, अंधाऱ्या कपाटातसुद्धा फार संथपणे तुटत असतात. तुटताना नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. हवेतला किंवा दाण्यातला ओलावा मिळाला की त्यांचे आम्ल बनते, आणि ते आम्ल उरलेल्या नायट्रोसेल्युलोजला आणखी वेगाने तोडते. म्हणजे बिघाड स्वतःच स्वतःचा वेग वाढवत जातो. त्यात उष्णताही निर्माण होते. लहान बाटलीत ती आजूबाजूला निघून जाते. मोठ्या पिंपात किंवा रचून ठेवलेल्या साठ्यात तिला वाट मिळत नाही, आणि मग पावडर बाहेरच्या ठिणगीशिवाय पेटू शकते.

हे थोपवण्यासाठी कारखान्यात पावडरीत स्थिरकारक मिसळतात. सर्वांत परिचित म्हणजे डायफिनाइलअमाइन, साधारण एक टक्क्याच्या आसपास. ते सुटलेली ऑक्साइडे पकडून बांधून ठेवते. पण ते खर्ची पडत जाते. जोवर ते शिल्लक आहे, तोवर पावडर अगदी निरोगी दिसते, वास नाही, रंग नाही, काही नाही. ते संपले की मग लक्षणे भराभर दिसू लागतात.

या एकाच गोष्टीवर माझा सगळा पवित्रा उभा आहे: लक्षण दिसले तर पावडर बिघडली हे नक्की, पण लक्षण दिसले नाही म्हणून ती चांगली हे नक्की नाही. खालच्या सगळ्या तपासण्या बाटली टाकायची का, एवढेच ठरवण्यासाठी आहेत. शंका असलेल्या बाटलीला ‘वापरायला हरकत नाही’ असा दाखला त्यातली एकही देत नाही.

परिणामकारक स्थिरकारक नसते तेव्हा काय होते, ते इतिहासात आहे. पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पहिली उपयोगी धूररहित पावडर तयार केली, पूद्र बे. फ्रेंच नौदलाने ती जहाजांच्या तोफांसाठी साठवली. तूलाँ बंदरात मार्च १९०७ मध्ये ‘इएना’ आणि सप्टेंबर १९११ मध्ये ‘लिबेर्ते’ या युद्धनौका स्फोटांनी उद्ध्वस्त झाल्या. दोन्ही वेळी संशय आला तो दारूकोठारात बिघडलेल्या याच पावडरीवर. तुमच्या कपाटातली बाटली म्हणजे युद्धनौकेचे कोठार नव्हे, हे मलाही कळते. रसायन मात्र तेच आहे.

तपासण्या: आधी फुकटच्या, मग बाकीच्या

*न उघडता, नुसते लेबल वाचा.* कोणती पावडर, कोणता लॉट (उत्पादनाची खेप), कधी घेतली, कधी उघडली? लेबल नसेल, किंवा लेबल एकाचे आणि आत दुसरेच असल्याची शक्यता असेल, तर तपासणी इथेच संपली. ती पावडर टाकायची. दाण्यांच्या आकारावरून पावडर ओळखण्याचा दावा करणारे पुष्कळ भेटतात. एकसारखे दिसणारे दोन दाणे जळण्याच्या वेगात इतके वेगळे असू शकतात की एकाचे माप दुसऱ्याने भरले तर बंदूक फुटेल.

मग ती कुठे राहिली ते आठवा. तापमान दर दहा अंश सेल्सिअसने वाढले की विघटनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. पत्र्याखालची खोली, माळा, गाडीची डिकी, बॉयलरशेजारचे कपाट: अशा जागी काढलेला एक उन्हाळा थंड कपाटातल्या कित्येक वर्षांना भारी पडतो. थंड, कोरड्या जागी मूळ बाटलीत ठेवलेली पावडर दशकानुदशके टिकते, म्हणून नुसते वय बघून घाबरायचे कारण नाही. उलट नवी आहे म्हणून निश्चिंतही राहू नका. एखाद्या लॉटमध्ये दोष निघून उत्पादकांनी माल परत मागवल्याची उदाहरणे आहेत. लॉट क्रमांक उत्पादकाच्या सूचनांशी ताडून पाहायला काही पैसे पडत नाहीत.

सर्वांत जास्त संशय घ्यावा तो लष्करी साठ्यातून आलेल्या किंवा जुनी काडतुसे फोडून काढलेल्या पावडरीवर. तिचे आधीचे आयुष्य कोणत्या गोदामात गेले हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. स्वस्त मिळते हे खरे, आणि माझ्यापुढे येणाऱ्या बिघडलेल्या बाटल्यांत हिचाच भरणा जास्त असतो हेही खरे.

*बाहेरून पाहा आणि हात लावा.* बाटली खोलीतल्या इतर वस्तूंइतकीच थंड लागली पाहिजे. फुगवटा, तडे, पाझरल्याचे डाग पाहा. पत्र्याच्या डब्यावर बाहेरून गंज असेल तर तो बऱ्याचदा नुसत्या दमट जागेचा असतो. त्यावरून पावडरीला दोष देऊ नका, पण दमट जागेची नोंद घ्या.

*आता उघडायची तयारी.* उघडायची ती बाहेर, सावलीत, वाऱ्याच्या झोतात नव्हे पण मोकळ्या हवेत. जवळ ज्योत, सिगारेट, हीटर, चालू मोटार काही नको. एका वेळी एकच बाटली, बाकीची दूर. डोळ्यांना गॉगल, हातात नायट्राइलचे मोजे. मोजे केवळ शोभेचे नाहीत: डबल बेस पावडरीतले नायट्रोग्लिसरीन त्वचेतून शिरते आणि रक्तवाहिन्या रुंदावून चांगलीच डोकेदुखी देते.

*झाकणाची आतली बाजू.* ही माझी आवडती तपासणी, कारण आम्लाची वाफ वर चढते आणि पहिला घाव झाकणावर घालते. पत्र्याच्या झाकणाला बाहेरून काही नाही आणि आतून तांबूस गंज, हे दृश्य दिसले की मला पुढे पाहावेसे वाटत नाही. प्लॅस्टिकच्या झाकणात कागदाचे किंवा फोमचे अस्तर असते. ते तपकिरी पडून बोटाने चुरडत असेल तरी अर्थ तोच.

*वास.* बाटलीच्या तोंडाला नाक लावू नका. हाताने वारा घालून थोडासा वास आपल्याकडे ओढा. चांगल्या पावडरीला वास असतोच, गोडसर, ईथर किंवा अल्कोहोलसारखा. उत्पादनात वापरलेल्या द्रावकांचे अवशेष असतात ते. नव्या माणसाला हा वास ‘रासायनिक’ वाटतो आणि तो घाबरून चांगली बाटली टाकतो. बिघडलेल्या पावडरीचा वास गोड नसतो. तो झोंबतो, नाकाच्या मागे टोचतो, डोळ्यांत पाणी आणतो. फरक कळत नसेल तर त्याच प्रकारची खात्रीची ताजी बाटली आधी हुंगा, मग ही. झोंबला की झाकण सैल ठेवून मागे व्हा. नायट्रोजन डायऑक्साइडचा त्रास कधीकधी लगेच जाणवत नाही, फुप्फुसात पाणी साठण्याची लक्षणे काही तासांनी येतात. म्हणून जोरात श्वासात गेला असेल, तर बरे वाटत असले तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा आणि काय हुंगले ते नाव घेऊन सांगा.

*पांढऱ्या कागदावर चमचाभर.* इथवर काही सापडले नसेल तरच. चमचाभर पावडर कोऱ्या कागदावर घ्या आणि कागद हळू तिरका करा. दाणे सुटे, चकचकीत घरंगळले पाहिजेत. कागदावर करडा-काळा डाग उमटला तर तो ग्रॅफाइटचा. स्थिर विजेचा त्रास होऊ नये आणि दाणे नीट वाहावेत म्हणून ते लावलेले असते. तांबूस-तपकिरी भुकटी मात्र चालणार नाही. गोळे होणे, तेलकटपणा, दाण्यांवर ओल, हेही नाही.

इथे एक फसगत नेहमी होते. काही पावडरींमध्ये ओळखीसाठी रंगीत चकत्या मुद्दाम मिसळलेल्या असतात. रेड डॉटमध्ये लाल, ग्रीन डॉटमध्ये हिरव्या, ब्लू डॉटमध्ये निळ्या. त्या चकत्यांना स्वच्छ कडा असतात आणि रंग बोटाला येत नाही. बिघाडाचा तांबूस रंग भुकटीच्या रूपात असतो आणि सगळ्यावर बसतो.

*निळा लिटमस.* कागदाची पट्टी ऊर्ध्वपातित पाण्याने ओली करून बाटलीच्या तोंडाशी, पावडरीला न लावता, काही मिनिटे धरा. लाल झाली तर आत आम्लाची वाफ आहे, बाटली बाद. निळीच राहिली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. लोक हे दुसरे वाक्य विसरतात, म्हणून ही तपासणी मी सहसा सुचवतही नाही.

*भरलेली काडतुसे.* त्याच बाटलीतून भरलेला डबा शोधा. आतली आम्लाची वाफ पितळ खाते: गळ्याशी हिरवट-निळा थर, गोळीच्या बुडाला तसाच डाग, आणि न उडवताच गळ्याला चीर. केस अनेकदा वापरलेली असेल तर पितळ कडक होऊनही चीर पडते, म्हणून एका केसवरून निर्णय घेऊ नका. पण एकाच भरणीतल्या बऱ्याच केसना चिरा असतील तर पावडरीकडेच बोट दाखवा. हातोड्यासारखे गोळी काढण्याचे साधन वापरायचे ते फक्त वरवर ठीक दिसणाऱ्या एक-दोन काडतुसांवर. गोळी घट्ट बसलेली, केस फुगलेली किंवा हिरवी पडलेली असेल तर ती न ठोकता जाणकाराकडे द्या.

*प्रयोगशाळा.* स्थिरकारक किती शिल्लक आहे हे खऱ्या अर्थाने तिथेच कळते. लष्करी साठ्यांचे नमुने याच कारणासाठी वर्षानुवर्षे राखून तपासले जातात, काही ६५.५ अंश सेल्सिअसला ठेवून तांबडा वायू कधी दिसतो ते मोजतात. एकदोन बाटल्यांसाठी हा खर्च करण्यात अर्थ नाही. नवी बाटली त्याहून स्वस्त पडते.

जे ‘टेस्ट’ म्हणून करू नये

चिमूटभर पेटवून पाहणे: बिघडलेली पावडरही छान जळते, त्यातून काही कळत नाही. उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवणे: बिघाडाला हवी ती उष्णता तुम्ही स्वतः पुरवता. थोडे कमी माप भरून ‘उडवून पाहू’: दाण्यांवर जळणे मंद करणारा थर असतो, तो आणि दाण्याची रचना बिघडली तर पावडर नेहमीपेक्षा वेगाने जळून दाब वाढू शकतो, म्हणजे कमी माप हे संरक्षण नाही. आणि जुनी अर्धी, नवी अर्धी मिसळून खपवणे. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत जास्त खटकतो, कारण एका बाटलीचा प्रश्न दोन बाटल्यांचा होतो आणि कोणत्या काडतुसात काय गेले याचा मागही पुसला जातो.

घरात गरम करून करायच्या कुठल्याही चाचण्या, स्टार्चच्या कागदाच्या असोत की मिथाइल व्हायोलेटच्या, करू नका. त्यांची योग्य जागा म्हणजे आडोसा असलेली प्रयोगशाळा.

बाद ठरली, आता पुढे

थंड आहे, वायू नाही, फक्त वास किंवा धूळ आहे, आणि माल एखाद्या बाटलीएवढाच आहे, अशा वेळी पुढचे करता येते. बाटली घराबाहेर, लोकांपासून आणि जळाऊ सामानापासून दूर न्या. प्लॅस्टिकच्या बादलीत भरपूर पाणी घ्या आणि पावडर त्या पाण्यात हळूहळू ओता. उलटे, म्हणजे पावडरीवर पाणी, नको. दाणे पूर्ण बुडाले पाहिजेत, तरंगणारे काठीने खाली दाबा. बादली घट्ट बंद करू नका. वर ‘बिघडलेली धूररहित पावडर, पाण्यात’ असे लिहा.

पाण्याने पावडर नष्ट होत नाही, हे नीट लक्षात असू द्या. नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, वाळले की परत पेटते. पाण्यामुळे फक्त वेळ मिळतो. त्या वेळात अग्निशमन दलाला किंवा घातक कचरा घेणाऱ्या केंद्राला फोन करून ती त्यांच्या हवाली करायची. गटारात, शौचकुपात किंवा घरच्या कचऱ्यात नाही.

अमेरिकेतल्या शस्त्र आणि काडतूस उत्पादकांची संस्था, सामी, उघड्यावर जाळण्याची रीत सांगते: वस्तीपासून दूर, मोकळ्या जागी, एक इंचापेक्षा म्हणजे सुमारे २५ मिलिमीटरपेक्षा उथळ थरात, एका वेळी जास्तीत जास्त एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, आणि पेटवायला मंद जळणाऱ्या वस्तूची लांब वात, म्हणजे ज्वाला पोचेपर्यंत माणूस दूर गेलेला असतो. डब्यात, पाइपात किंवा कुठल्याही कोंडलेल्या जागी कधीच नाही, कारण मोकळ्यावर भडकणारी पावडर कोंडली की फुटते. जळलेल्या जागी लगेच दुसरा थरही टाकायचा नाही. जिथे उघड्यावर जाळायला बंदी आहे तिथे हा पर्याय संपला. जिथे बंदी नाही तिथेही, उघड आम्लाचा वास असलेल्या मालासाठी मी पाण्याची बादली आणि फोन हाच मार्ग धरतो. आगीशी खेळून इथे काही वाचत नाही.

हिरवळीवर खत म्हणून पसरण्याचा सल्लाही ऐकाल. पातळ पसरले तर फारसे बिघडत नाही असे म्हणणारे आहेत, पण दाणे लवकर कुजत नाहीत आणि मुले, कुत्री तिथेच वावरतात. मी तरी सुचवत नाही.

इथे थांबा आणि व्यावसायिकांना बोलवा

तपकिरी वायू किंवा गरम डबा: आधीच सांगितले. त्याशिवाय मोठा पत्र्याचा डबा, पिंप किंवा एकाहून जास्त संशयित बाटल्या एकत्र ठेवलेल्या असतील तर हलवू नका. झाकण गंजून घट्ट बसले असेल तर पाना, पक्कड लावू नका. बाटलीबाहेर तेलकट ओघळ किंवा झाकणाच्या आट्यांत स्फटिकासारखे काही दिसत असेल तरी तेच. वारशात मिळालेले, आत काय आहे माहीत नसलेले डबे याच यादीत बसतात. फोनवर ‘जुनी दारू’ असे मोघम सांगू नका. ‘विघटित होणारी धूररहित पावडर, अंदाजे इतके वजन, अमुक जागी, गरम आहे किंवा नाही’ एवढे नेमके सांगितले तर योग्य पथक येते.

आग लागलीच तर विझवायला थांबू नका. पावडरीत तिचा स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे वाळू टाकून किंवा कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने ती गुदमरत नाही, आणि धुरात तेच विषारी वायू असतात.

काम झाल्यावर

पावडर गेली तरी हॉपर, म्हणजे माप भरायच्या यंत्रावरचा पावडरीचा डबा, राहतो. डबल बेस पावडर प्लॅस्टिकच्या हॉपरवर डाग पाडते आणि त्याच्या कोपऱ्यात जुने दाणे अडकून बसतात. ते ब्रशने काढा, मापक सुटे करून पुसा. इथून पुढे काम संपले की पावडर त्याच दिवशी मूळ बाटलीत परत गेली पाहिजे. काचेच्या बरणीत किंवा घट्ट लोखंडी डब्यात नाही. मूळ बाटल्या मुद्दाम कमकुवत केलेल्या असतात, म्हणजे आग लागली तर दाब साठण्याआधी त्या उसवतात.

त्याच लॉटच्या इतर बाटल्या असतील तर त्या आजच तपासा. प्रत्येक बाटलीवर घेतल्याची आणि उघडल्याची तारीख लिहा, वर्षातून एकदा झाकण आतून पाहा. लॉट क्रमांक आणि दिसलेली लक्षणे उत्पादकाला कळवा. लेबलचा फोटो बाटली टाकण्याआधीच काढून ठेवा, कारण तो क्रमांक ते पहिल्यांदा विचारतात.